भाकर बंद न करता बाबांची शुगर उतरली: माझा अनुभव

बाबांना शुगर निघाली तेव्हा गोळ्या लगेच सुरू झाल्या, पण खायचं काय हे कोणी नीट सांगितलं नाही. तालुक्याच्या एका दवाखान्यात छापील कागद मिळाला: ओट्स, ब्राऊन ब्रेड, सफरचंद. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं; इथल्या किराणा दुकानात यातलं काही मिळत नाही. मग गावानंच पथ्य ठरवलं. भात बंद, आलू बंद, सकाळी कारल्याचा रस. बाबांनी रात्रीची भाकरही सोडली, गोळी मात्र चालूच. एका सकाळी कपाशीत निंदण करताना त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले, बोलणं अडखळलं. शेजारच्या वावरातल्या काकूंनी गुळाचं पाणी पाजलं म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी आहारतज्ज्ञ शोधायला लागलो. ‘डायट’चे बोर्ड बरेच दिसले, पण आत पावडरचे डबे विकायला ठेवलेले. शिक्षण विचारलं की विषय बदलायचे. खऱ्या डायटिशियनकडे आहारशास्त्राची पदवी असते, ती विचारायला अजिबात संकोच करू नका. शेवटी यवतमाळला सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला आणि डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी आधी रिपोर्ट पाहिलाच नाही. विचारलं, “काकाजी, गोळी कधी घेता? पहिला घास पोटात कधी जाते?”

बाबा म्हणाले, “गोळी सहा वाजता, चायसंग. जेवण मंग अकराले, वावरातच.”

घोळ इथेच होता. त्यांच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड होती. ती शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून पहिल्या जेवणासोबत घ्यायची असते. रात्री अर्धपोटी, सकाळी रिकाम्या पोटी गोळी आणि वर निंदणाची मेहनत. साखर खाली जाणारच. गोळी बदलणं आहारतज्ज्ञाच्या हातात नसतं. मॅडमनी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, डॉक्टरांनी डोस कमी केला आणि गोळी सकाळच्या न्याहारीसोबत लावून दिली. खिशात साखरेची पुडी ठेवायला सांगितली: साखर 70 च्या खाली गेली किंवा थरथर सुटली की तीन चमचे, म्हणजे 15 ग्रॅम, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, बरं वाटलं की काहीतरी खायचं.

मग आईकडे वळल्या. “भाकरीले पीठ किती घेता? घेऊन दाखवा बरं.” आईनं तिथल्या डब्यातून नेहमीसारखं पीठ काढलं. काट्यावर भरलं 110 ग्रॅम. अशा दोन भाकरी बाबा एका जेवणात खायचे. ज्वारीनं शुगर वाढत नाही असं आम्ही धरून चाललो होतो, पण 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 70 ग्रॅम कर्बोदकं असतात, जवळपास गव्हाएवढीच.

“मंग भाकर बंद करू का?” बाबांचा आवाज उतरला होता.

“काहून बंद करता? भाकर ठेवा, पीठ कमी करा. वरण घट्ट करा. अर्धं ताट भाजी घ्या.” भाजीसुद्धा आमच्याच वावरातली सांगितली: अंबाडी, पावसाळ्यात तरोटा, वांग्याचं भरीत कमी तेलात. हे ऐकून आईच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, कारण वेगळा स्वयंपाक तिला जमण्यासारखा नव्हता.

चहा सगळ्यात अवघड गेला. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे. साखरच झाली 50 ग्रॅम. गूळ घातला तर चालेल का, विचारलं. नाही, गुळानंही शुगर तशीच वाढते. आधी साखर अर्धी केली, मग कप कमी केले. कोणाच्या घरी गेलं की “बिनसाखरेचा मांडा” म्हणायला बाबांना फार जड जायचं, अजूनही जातं.

एचबीए1सी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची साखरेची सरासरी दाखवते, म्हणून ती तीन महिन्यांनी पुन्हा केली. 10.1 वरून 7.6 वर आली. डॉक्टरांनी 7 च्या आत आणायला सांगितलंय, पण साखर पुन्हा खाली न जाऊ देता.

अशा मॅडम प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी बसायला हव्यात. रोजमजुरी बुडवून जिल्ह्याला जाणं किती जणांना परवडतं? तोवर जे जाऊ शकतात त्यांनी गोळ्यांची पाकिटं आणि घरी तपासलेल्या साखरेची वही सोबत न्यावी. आणि घरात जी स्वयंपाक करते तिलाही न्यावं. पिठाचा अंदाज तिच्याच हाताला असतो, बाबांना तो सांगताच आला नसता.