नवा फोन कधी, आणि कोणत्या गोटातला?

अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी अपडेट' असं शोधा आणि समोर येणारी तारीख वाचा. ती दोन-चार महिन्यांपूर्वीची असेल तर कंपनीच्या लेखी फोन अजून जिवंत आहे. ती वर्षभर जुनी असेल आणि 'चेक फॉर अपडेट' दाबूनही काही येत नसेल, तर कंपनीने त्याचं नाव टाकलंय. आयफोनमध्ये हेच 'जनरल'मधल्या 'सॉफ्टवेअर अपडेट'मध्ये कळतं. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं आयओएस २६ (आयओएस म्हणजे आयफोन चालवणारी प्रणाली) आयफोन ११ आणि त्यानंतरच्या फोनवरच चालतं. २०१८ चे एक्सएस आणि एक्सआर तिथे गळाले. तरी एक्सआरला आयओएस १२ पासून १८ पर्यंत सात वर्षं मिळाली, हे काही कमी नाही.

अपडेट थांबले म्हणून फोन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. कॅमेरा चालतो, यूट्यूब चालतं. पण नव्याने सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत, आणि पुढे कधीतरी बँकेचं ॲप जुन्या व्हर्जनवर उघडायलाच नकार देतं. ज्या फोनवरून पैसे जातात-येतात, तो अपडेट थांबल्यावर बदलायचा. गाणी लावायला ठेवलेला फोन खुशाल वापरा.

खरेदी करतानाही पहिला प्रश्न हाच: अपडेट कधीपर्यंत? गूगलने पिक्सेल ८ पासून (ऑक्टोबर २०२३) आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ पासून (जानेवारी २०२४) सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं. गॅलॅक्सी ए१६ ५जी सारख्या स्वस्त फोनलाही सहा वर्षं आहेत. मात्र ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही बिल फाडल्यापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल 'अर्ध्या किमतीत' मिळतं, तेव्हा त्यातली दोन वर्षं आधीच खर्ची पडलेली असतात. म्हणून किंमत भागिले उरलेली वर्षं, एवढा हिशेब दुकानात उभ्या उभ्या करावा. ७०,००० चा फोन आणि सात वर्षं: वर्षाला १०,०००. १८,००० चा आणि सहा वर्षं: ३,०००. १२,००० चा आणि दोनच वर्षं उरलेली: ६,०००, म्हणजे सगळ्यात स्वस्त दिसणारा फोन मधल्यापेक्षा दुप्पट महाग.

या हिशेबात एक गोम आहे. अपडेट मिळणं वेगळं आणि फोनने ते झेपवणं वेगळं. स्वस्त फोनचा प्रोसेसर पहिल्याच दिवशी जेमतेम असतो. चौथ्या-पाचव्या वर्षी ॲप फुगतात आणि तो धापा टाकायला लागतो. त्यामुळे त्या १८,००० च्या फोनची सहा नाही, चारच वर्षं धरावीत. तरीही वर्षाला ४,५०० पडतात, सौदा वाईट नाही. रॅम ६ जीबीपेक्षा कमी घेऊ नये, आणि खोक्यावरच्या '८ + ८' मधले दुसरे ८ विसरून जावेत. ती स्टोरेजमधली जागा असते, रॅम म्हणून वापरलेली, खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद.

आता बॅटरी. फोन 'जुना झाला' अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा बॅटरी थकलेली असते, बाकी फोन ठणठणीत. लिथियम बॅटरी चार्जिंगच्या फेऱ्यांनी (एकूण शंभर टक्के चार्ज वापरला की एक फेरी) झिजते आणि उष्णतेने जास्तच. ॲपलच्या मते आयफोन १४ पर्यंतच्या बॅटरीची क्षमता ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर ८० टक्के उरते. आयफोन १५ पासून हा आकडा १,००० फेऱ्यांचा आहे. रोज एक फेरी धरली तर पहिल्याला दीड वर्षाच्या आसपास, दुसऱ्याला पावणेतीन वर्षं. थकलेली बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही, मग २० टक्के दिसत असताना फोन अचानक बंद होतो. ते टाळण्यासाठी ॲपल जुन्या आयफोनचा वेग मुद्दाम उतरवत होतं, हे कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. नवी बॅटरी टाकली की तेच फोन पुन्हा पळू लागत.

आयफोनवर 'बॅटरी हेल्थ'मध्ये टक्का दिसतो, १५ पासून पुढे फेऱ्यांची संख्याही. सॅमसंगमध्ये 'सॅमसंग मेंबर्स' ॲपच्या डायग्नॉस्टिक्समध्ये बॅटरीची स्थिती कळते. टक्का ८० च्या खाली आणि अपडेट अजून दोन वर्षं येणार असतील, तर फोन नको, बॅटरी बदला, आणि ती अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच. गल्लीतल्या दुकानात पाठ उघडली की कडेचं सील पुन्हा तसं बसेलच याची खात्री नसते, आणि पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत शिरतं. (तसंही आयपी६८, म्हणजे पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा, लिहिलेला असला तरी पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. कोकणात राहणाऱ्यांनी प्लॅस्टिकची पिशवी सोडू नये.) फोनची पाठ किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली तर बॅटरी फुगली आहे: चार्जिंग तिथेच थांबवायचं, दाबून बसवायला जायचं नाही.

बॅटरी ठीक आणि तरी फोन रखडतोय? स्टोरेज पाहा. ते काठोकाठ भरलं की लिहिण्याचा वेग पडतो. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा. व्हॉट्सॲपच्या 'मॅनेज स्टोरेज'मधून 'सुप्रभात'चे व्हिडिओ काढले तरी कित्येक जीबी सुटतात.

राहिला प्रश्न गोटाचा: अँड्रॉइड की आयफोन? कॅमेरा आणि स्क्रीनवरून वाद घालण्यात आता अर्थ नाही, पन्नास हजारांच्या वर दोन्हीकडे उत्तमच मिळतं. फरक पडतो तो बारीकसारीक गोष्टींनी. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये प्रत्यक्ष सिम एकच बसतं, दुसरं ई-सिम (कार्डाशिवाय, फोनमध्येच नोंदवलेलं सिम) करावं लागतं; आयफोन एअरमध्ये तर सिमचा कप्पाच नाही. धंद्यासाठी कॉल रेकॉर्ड करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की आयफोनवर ही सोय आयओएस १८.१ पासून आहे, पण समोरच्याला रेकॉर्डिंगची घोषणा ऐकू जाते. मराठी टायपिंगला जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड अँड्रॉइडवर अजूनही सरस आहे. आयफोनवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोय आयओएस १८ मध्ये कीबोर्डातच आली, त्यामुळे जुनी अडचण बरीच सुटली. मेमरी कार्ड हवं असेल तर अँड्रॉइडच, त्यातही निवडक फोन. उलट तीन-चार वर्षांनी विकायचा असेल तर आयफोनची किंमत टिकते. आणि घरात सगळ्यांकडे एकाच गोटातले फोन असतील तर त्याच गोटात राहा. आईवडिलांना फोनवरून सेटिंग समजावताना समोर तसाच फोन असणं फार मोलाचं.

गोट बदलायचाच असेल तर खरी कसोटी व्हॉट्सॲपची. अँड्रॉइडचा बॅकअप गूगल ड्राइव्हमध्ये असतो आणि आयफोन तो उचलत नाही. मार्ग 'मूव्ह टू आयओएस' ॲपचा, आणि त्यासाठी आयफोन कोरा, म्हणजे पहिल्या सेटअपच्या पडद्यावर हवा. दुकानदार कौतुकाने फोन चालू करून, सगळं भरून देतो आणि तिथेच घोळ होतो. मग फोन रीसेट करून पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही फोन चार्जरला लावा, एकाच वायफायवर ठेवा, आयफोनवर दिसणारा कोड अँड्रॉइडवर टाका, यादीत व्हॉट्सॲप निवडा. हस्तांतर संपेपर्यंत अँड्रॉइडवर दुसरं ॲप उघडू नका. आपोआप मोबाइल डेटावर उडी मारणारी सेटिंगही बंद करा, नाहीतर मध्येच तुटतं. मग आयफोनवर व्हॉट्सॲप टाकून त्याच नंबरने आत जा आणि 'स्टार्ट' दाबा. चॅट येतात, कॉलची यादी येत नाही. जुन्या फोनवरचा डेटा तसाच राहतो, नव्यावर सगळं दिसेपर्यंत तो पुसू नका.

यूपीआय त्यानंतर. ॲप नंबर पडताळायला तुमच्याच सिमवरून एसएमएस पाठवतं, तेव्हा रिचार्जमध्ये बाहेर जाणारे एसएमएस आहेत का ते आधी बघा. आयफोनवर हा मेसेज आपल्याला 'सेंड' दाबून पाठवावा लागतो आणि दोन सिम असतील तर बँकेत नोंदवलेलंच निवडलंय ना हे पाहावं लागतं. नव्या फोनवर सुरुवातीला मर्यादा असते: एचडीएफसीसारख्या बँकांत अँड्रॉइडवर पहिले २४ तास आणि आयफोनवर ७२ तास मिळून ५,००० रुपये. भाडं, फी, लग्नाचे पैसे द्यायच्या आदल्या दिवशी फोन बदलू नये. सिम आणि फोन एकाच दिवशी तर मुळीच नको. नवं सिम किंवा ई-सिम घेतलं की चोवीस तास एसएमएस बंद राहू शकतात. मग ना ओटीपी, ना यूपीआयची पडताळणी. आधी जुन्या फोनवरच ई-सिम करून घ्या (फोनमध्ये ती सोय असेल तर), दोन दिवसांनी फोन बदला.

जुना फोन देण्याआधी अँड्रॉइडवरून गूगल खातं काढा, आयफोनवर 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधण्याची सोय) बंद करून खात्यातून बाहेर पडा, आणि मगच रीसेट करा. उलट क्रमाने केलं तर घेणाऱ्याला तुमचा पासवर्ड विचारला जातो. आणि तुम्हीच जुना फोन विकत घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा, 'केवायएम', एक जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक, असा मेसेज इंग्रजी अक्षरांत १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला फोन तिथे लगेच कळतो. पैसे त्यानंतर द्या.