जीसीसी लिंकरला नेमकं काय सांगतो? माझा अनुभव

दारव्ह्याजवळच्या आमच्या शेतात, कपाशीच्या ओळीत, मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर लावला आहे. त्याचं रीडिंग घ्यायला सी-मध्ये प्रोग्राम लिहिला. त्याला लिबमॉडबस ही लायब्ररी, म्हणजे सेन्सरशी बोलणारा तयार कोड, लागते. ती सोर्समधून बिल्ड करून होम फोल्डरात ठेवली होती. जीसीसी या कम्पायलरने कम्पाइल बिनबोभाट झालं आणि शेवटी एरर आली: 'कॅनॉट फाइंड -एलमॉडबस'. मायनस कॅपिटल आय देऊन हेडर सापडतात, मग लायब्ररी का सापडू नये?

नागपूरच्या चुलतभावाला फोन लावला. तो म्हणाला, "मायनस व्ही लावून पाह्य ना बे, सगळं दिसते."

खरंच दिसलं. लिंक, म्हणजे तयार तुकडे आणि लायब्ररी जोडून प्रोग्राम बनवणं, जीसीसी स्वतः करतच नाही. तो आधी सीसी१ (खरा कम्पायलर) चालवतो, मग असेम्ब्लर, आणि शेवटी कलेक्ट२ मार्फत एलडी, म्हणजे खरा लिंकर. एलडीची ती लांबलचक ओळ मी सावकाश वाचून काढली. सुरुवातीला प्रोग्राम सुरू करून देणारी सीआरटी१.ओ फाइल, मग कॅपिटल एल लावलेले सिस्टिमचे फोल्डर, शेवटाकडे -एलजीसीसी आणि -एलसी या लायब्ररी. यातलं मी काहीच लिहिलं नव्हतं! मी दिलेला हेडरचा पाथ मात्र त्या ओळीत कुठेच नव्हता. तो लिंकरपर्यंत पोचतच नाही. लिंकरला फोल्डर सांगायचा तर कॅपिटल एलच हवा.

लायब्ररीचं नाव सांगणाऱ्या स्मॉल एलला फक्त 'मॉडबस' एवढं नाव पुरतं. मागेपुढे काय जोडायचं ते लिंकर बघतो, आणि एकाच फोल्डरात दोन्ही असल्या तर .ए (स्टॅटिक) सोडून .एसओ (शेअर्ड) उचलतो.

क्रमही महत्त्वाचा. एलडी डावीकडून उजवीकडे वाचत जातो. उबुंटूवर लायब्ररी सोर्स फाइलच्या आधी लिहिली, तर तोवर तिची गरज कोणालाच नसते, म्हणून ती गळते आणि 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येतो. सोर्स आधी, लायब्ररी नंतर.

एवढं झाल्यावरही प्रोग्राम सुरू होईना. शेअर्ड ऑब्जेक्ट उघडता येत नाही म्हणे. कॅपिटल एल फक्त लिंक करतानाच कामाचा; चालवताना शोधणारा लोडर वेगळाच. त्याच्यासाठी आरपाथ, म्हणजे चालवताना लायब्ररी शोधायचा फोल्डर, देता येतो. तो मायनस डब्ल्यूएलच्या मागे स्वल्पविराम देऊन लिहायचा, स्पेस न सोडता, म्हणजे जीसीसी तो जसाच्या तसा लिंकरकडे सरकवतो. हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. मेक या बिल्ड करणाऱ्या टूलच्या मेकफाइलमध्ये आता कॅपिटल एल आणि आरपाथ एलडीफ्लॅग्जमध्ये ठेवले आहेत, लायब्ररीचं नाव एलडीलिब्जमध्ये. मेकच्या तयार नियमात एलडीलिब्ज ऑब्जेक्ट फाइलनंतरच येतं, त्यामुळे क्रमाची काळजी मेकच घेतो.