मलिक अंबरची चारशे वर्षं आणि मावशीचं पाणी

परवा मावशीला फोन केला. ती संभाजीनगरला जुन्या भागात राहते, म्हणजे तिच्या तोंडी अजून औरंगाबादच येतं, मी दुरुस्त करायला गेलो की चिडते. म्हणाली सात दिवस झाले नळाला थेंब नाही. मी आपलं सहज म्हटलं, अगं तुमचं गाव वसवणाऱ्या मलिक अंबरला या मे महिन्यात जाऊन ४०० वर्षं झाली, १६२६ मध्ये गेला ना तो. तर म्हणते कशी, "तो होता तेव्हा पाणी तरी होतं गावात."

बोलली चेष्टेत, पण बरोबर बोलली की हो.

आपल्याकडे जयंत्या पुण्यतिथ्यांचे फोटो रोज सकाळी मोबाईलवर येऊन पडतात, गुड मॉर्निंगच्या फुलांसकट. मलिक अंबरचा एकही आला नाही. खरं तर हा माणूस कुठून कुठे आला बघा, जन्म इथिओपियातला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडे असं करत बगदादमार्गे दख्खनमध्ये, आणि इथे त्याला विकत घेणारा अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, तोही मुळात हबशी गुलामच. चंगेजखान गेल्यावर अंबर मोकळा झाला, मग स्वतःचे घोडेस्वार जमवले. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, सगळ्यांना वाटलं संपली निजामशाही, तर याने परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवून पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं ती तगवून धरली. मराठा घोडेस्वार हाताशी धरून, समोरासमोर न भिडता रसद तोडायची आणि पळायचं. मालोजीराजे निजामशाहीतलेच, आणि शहाजीराजे तर अंबरच्या बाजूने लढलेत.

जहांगीर याच्यावर इतका जळायचा की त्याने एक चित्र काढून घेतलं. अबुल हसनने काढलंय ते, बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आणि भाल्याच्या टोकावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही, म्हातारा होऊन आपल्या मरणाने गेला. म्हणजे चित्रातच मारून घेतला म्हणायचा 😄

पण मला खरा आवडतो तो त्याचा पाण्याचा डोक्याने केलेला वापर. १६२४ ची भातवडीची लढाई घ्या, नगरजवळचं आजचं भातोडी. समोर मुघल आणि आदिलशाही दोन्ही फौजा एकत्र, आणि याने काय केलं तर तलावाचा बांध फोडला, शत्रूच्या छावणीत नुसता चिखल, जनावरं रुतली, तोफा रुतल्या. मग रात्रीचे छापे. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

आणि तोच माणूस गाव वसवताना पाणी आधी बघतो. १६१० मध्ये खडकी वसवली (मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर, गावाला नावं बदलायची सवयच आहे). तिथे जमिनीखालून नहर आणली, हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातलं झिरपणारं पाणी, नुसत्या उतारावर वाहत गावात. पंप नाही, वीज नाही, काही नाही. बरेच जण पाणचक्कीलाच अंबरची नहर समजतात, ती वेगळी हं, शंभरेक वर्षं नंतरची. जमिनीची मोजणी करून, कस बघून सारा लावायची त्याची पद्धतही पुढे मलिकंबरी म्हणूनच ओळखली गेली.

त्याची कबर खुलताबादला आहे. मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, गाड्या सगळ्या भद्रा मारुतीकडे नाहीतर वेरूळकडे, रिक्षावाल्याला विचारलं तर म्हणाला कोणता अंबर? घुमटाखाली मी आणि एक शेळी, एवढेच.

हे सगळं फोनवर मावशीला सांगत होतो, ती ऐकतही होती बरं का, मध्ये मध्ये हं हं चाललं होतं. नहरीपर्यंत आलो आणि तिकडून एकदम कळशीचा आवाज.

"ठेव रे फोन, पाणी आलं."