देवाने हे का होऊ दिलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कुणाचं आजारपण, कुणाच्या घरातला मृत्यू, कुणाचं मोडलेलं लग्न. प्रसंग वेगवेगळे, पण प्रश्न एकच असतो: 'यामागे देवाचा हेतू काय असेल?' बहुतेक वेळा तो आज कळणार नाही. कळल्याशिवाय विश्वास टिकणारच नाही, असंही पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कुठे म्हणत नाही.

निर्दोष असूनही सारं गमावलेल्या ईयोबाचं बायबलमधलं पुस्तक 42 अध्यायांचं आहे. त्याच्या दुःखाआधी स्वर्गात काय बोलणं झालं ते पहिल्या दोन अध्यायांत वाचकाला कळतं, ईयोबाला मात्र शेवटपर्यंत कळत नाही. अडतिसाव्या अध्यायापासून देव बोलू लागतो, तर तोच ईयोबाला प्रश्न विचारत सुटतो. कारण सांगतच नाही. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. त्यांच्या हातून झालेलं चांगलं काम एवढंच. तोंड उघडलं आणि 'तू काहीतरी पाप केलं असणार' हे सुरू झालं. ईयोबालाही देव खडसावतो, पण 42:7 मध्ये (अध्याय 42, वचन 7) देवाचा राग पेटतो तो या मित्रांवर.

तरी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दुःखामागे पाप शोधायचा हा उद्योग अजून चालूच आहे. योहान 9 मध्ये जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूक 13 मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या 18 जणांबद्दलही तो तेच म्हणतो: ते इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते. आपल्या एखाद्या कृत्याचा परिणाम समोर स्पष्ट दिसत असेल, तर त्याचा पश्चात्ताप जरूर करावा. पण रात्र रात्र जागून जुनी पापं उकरून काढायची नि त्यांची दुःखाशी जोडी जुळवत बसायचं, याला पश्चात्ताप म्हणत नाहीत. ती निव्वळ भीती असते.

रोमकरांस पत्र 8:28, म्हणजे 'देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात' हे वचन, तुम्हाला कुणीतरी ऐकवलंच असेल, बहुधा अंत्यविधीच्या दिवशीच. वचन खरं आहे, वेळ चुकलेली असते. शिवाय ते अर्धवट वाचलं जातं. 'कल्याण' म्हणजे काय ते 29व्या वचनात आहे: ख्रिस्ताच्या प्रतिमेसारखं होणं. गेलेली नोकरी किंवा तब्येत परत मिळेलच, असं तिथे म्हटलेलं नाही. आणि दोनच वचनं आधी, 26 मध्ये, शब्द न सापडणाऱ्या माणसासाठी पवित्र आत्मा स्वतः कण्हतो आहे. ते कण्हणं ओलांडून थेट 28 वर उडी मारली, की वचनाचा दगड होतो.

भावांनी गुलाम म्हणून विकलेल्या योसेफाचं उदाहरणही असंच घाईने दिलं जातं. 'तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं' हे वाक्य उत्पत्ती 50:20 मध्ये येतं. आता हिशेब करा. कथा सुरू होते तेव्हा तो 17 वर्षांचा, मिसरचा (इजिप्तचा) राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा 30. सुकाळाची सात वर्षं आणि दुष्काळाची दोन उलटल्यावर त्याने भावांना ओळख दिली. मग त्याचा बाप याकोब मिसरात आला, तिथे 17 वर्षं राहिला आणि वारला. त्यानंतरचं हे वाक्य. म्हणजे साधारण 39 वर्षांनंतरचं, आणि तेही ज्याने सोसलं त्याच्या स्वतःच्या तोंडचं. तुरुंगात पडलेल्या योसेफाला बाहेरून कुणी ते ऐकवलेलं नाही.

मग तोवर काय करायचं? विलाप. स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात, त्याचा साचा तयार आहे. 13वं स्तोत्र घ्या, फक्त सहा वचनं. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' असा सवाल चार वेळा येतो. देव विसरला, त्याने तोंड लपवलं, अशी तक्रार थेट देवाकडेच. 3 आणि 4 मध्ये मागणी. 5 आणि 6 मध्ये भरवसा. कागदावर याच क्रमाने आपलं लिहून काढा. तक्रार मोघम नको: 'प्रभू, मी खचलोय' यापेक्षा 'बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या रात्री तू कुठे होतास?' हे बरं. मागणी एकच, पण नेमकी. आणि शेवटचा भाग अजून खरा वाटत नसेल, तर तिथे कोरी जागा सोडा. खोटा भरवसा लिहू नका. इथेच बहुतेकांचं चुकतं. तक्रार म्हणजे अविश्वास असं वाटून ते सुरुवातच पाचव्या वचनापासून करतात. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं तेही 22व्या स्तोत्राचं पहिलं, तक्रारीचं वचन.

शरीराकडेही बघा. एलीया संदेष्टा मरण मागत रतामाच्या झुडपाखाली निजला (1 राजे 19), तेव्हा त्याला उपदेश झाला नाही. देवदूताने उठवून निखाऱ्यावरची भाकर नि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खायला दिलं. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर. तेव्हा झोप उडाली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर आजच डॉक्टर गाठा, आणि घरातल्या एखाद्याला हे सांगून ठेवा. प्रार्थना त्याबरोबर चालू राहू दे.

'हा माझा वधस्तंभ आहे' असं म्हणत घरातली मारहाण सोसणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. 'शरीरातला काटा', म्हणजे आपला एक सततचा त्रास, देवाने काढावा म्हणून प्रेषित पौलाने तीनदा विनंती केली, नकार मिळाला, तो त्याने स्वीकारला. पण टाळता येण्यासारखा त्रास त्याने टाळला: दिमिष्कातून (दमास्कसमधून) तो पाटीत बसून गावकुसावरून निसटला, आणि यरुशलेमेत फटके मारायला बांधलं तेव्हा रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगून ते थांबवले. तुम्हालाही निघून जाता येतं, तक्रार नोंदवता येते.