खारेपाटातला हवामानाचा धडा

आज अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, शिक्षकांसोबत हवामानबदलाचा पाठ आखला. सुरुवात हिमनगांपासून नको, खारं पाणी शेताबाहेर अडवणाऱ्या बांधापासून करा. आजोबांना विचारा: खांड (बांधाला पडलेलं भगदाड) कुठे पडली, कोणत्या महिन्यात, अमावस्येला की पौर्णिमेला? उत्तरं गावनकाशावर मांडा, भरतीच्या कोष्टकाशी ताडून बघा. खेकड्यांच्या बिळांतून बांध झिरपतो आणि उधाणात तिथेच फुटतो. उघाडीच्या, म्हणजे बांधातून पाणी बाहेर सोडणाऱ्या दाराच्या, झडपेत गाळ अडकला की भरतीला ती नीट मिटत नाही, खारं पाणी थेट भातात. समुद्र चढतो म्हणजे काय, ते मुलांना इथे दिसतं.

पण त्याआधी शिक्षकाने आपलं घर कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) होतं की खोताचं (जमीनमालकाचं), हे लिहून काढावं. आपण कोणाला काय विचारतो, ते त्यावर ठरतं. अलिबागजवळच्या चरी गावातला कुळांचा खोतांविरुद्धचा संप १९३३ ते १९३९ चालला; बांध कोणी राखायचा हा प्रश्न इथे जुनाच आहे. तो पाठातून वगळू नका, एवढा माझा आग्रह.