तुम्ही विचारलंत म्हणून : माझी मुलगी का नाही खेळली

हळदीकुंकवाला विचारतात, पालकसभेत विचारतात, जिल्हा स्पर्धेला पोरी घेऊन गेले की दुसऱ्या शाळांचे सर चहाच्या गाड्यावर विचारतात. "मॅडम, तुम्ही स्वतः राज्य खेळलेल्या. सव्वीस वर्षं खो-खोचा संघ काढताय. मग तुमची मुलगी कशी काय नाही खेळली?" २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पोरांनी जिंकला, पोरींनीही जिंकला, दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हा तर आठवडाभर माझा फोन वाजत होता. माझं अभिनंदन कशाबद्दल चाललं होतं कुणास ठाऊक, पण त्याच्या शेपटाला हा प्रश्न ठरलेला.

"तिला आवडच नव्हती हो," हे माझं उत्तर. बारा-तेरा वर्षं तेच चालवलंय. समोरचा मान हलवतो, विषय मिटतो. आता निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत आणि मला त्या उत्तराचा वीट आलाय.

प्रश्नातली खोच मला कळते. एवढा फायदा असता तुमच्या पी.टी.चा, तर घरापासून सुरुवात केली नसतीत का, असं म्हणायचं असतं. आमच्या शाळेतले गणिताचे सर तर हे तोंडावर बोलून दाखवतात, आणि बोलता बोलता दहावीचा माझा तास मागून नेतात. त्यांच्या मुलाला गणितात पस्तीस पडले तेव्हा गणिताचा उपयोग काय, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हे मी त्यांना ऐकवलंय. राग आला की मला उत्तरं चांगली सुचतात. ती खरी असतातच असं नाही.

मुलगी माझ्याच शाळेत होती, पाचवीपासून दहावीपर्यंत. शाळेत 'मॅडम' म्हणायचं आणि घरी 'आई', हे आमचं ठरलेलं. सातवीत माझ्याच वर्गात आली, म्हणजे त्या वर्गाचा पी.टी.चा तास माझ्याकडे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. मला क्षमता चाचण्या घ्यायच्या होत्या आणि त्यात सहाशे मीटर धावणं होतं. आमच्या मैदानाची एक फेरी दीडशे मीटरची, म्हणजे चार फेऱ्या. सकाळी शिपाईमामांना बरोबर घेऊन मी स्वतः फक्की मारली होती. सहा-सहा जणी सोडायच्या, मी घड्याळ बघून मोठ्यानं वेळ सांगायची आणि पायरीवर बसलेल्या एकीनं ती लिहून घ्यायची. मला ही पद्धत फार चोख वाटायची.

माझी मुलगी तिच्या गटात शेवटची आली. शेवटची फेरी तर चालतच आली. मी वेळ सांगितली. पायरीवरून कुणीतरी म्हणालं, "मॅडमची पोरगी आहे, तिला 'अ'च मिळणार." फार मोठ्यानं नाही, पण मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. दोघी-तिघी हसल्या.

मी म्हणाले, "परत पळ."

ती बघत राहिली. तिला वाटलं असेल, दुसऱ्या कुणाला सांगतेय. मी म्हणाले, "माझी मुलगी म्हणून सूट नाही. आत्ता पळायचं. एकटी."

शिट्टी वाजवली आणि घड्याळ चालू केलं. बाकीच्या अठ्ठावन्न पोरी पायरीवर बसून बघत होत्या. पहिली फेरी ती बरी पळाली. रागानं पळाली असणार, मला तेव्हा जिद्द वाटली. दुसरीत पाय आपटायला लागले. तिचे पाय सपाट आहेत. पावलाला कमान नाही, न्हाणीतून बाहेर आली की फरशीवर अख्खं पाऊल उमटायचं, मध्ये कुठं कोरडी जागा राहायची नाही. हे मी रोज बघत होते. बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, पायाच्या कमानीवर मी पानभर उत्तर लिहिलेलं आहे आणि त्याला गुणही मिळवलेत. तिसऱ्या फेरीत, खो-खोच्या खांबाजवळच्या वळणावर, जिथं मुरूम सुटलेला होता तिथं ती पडली. हातांवरच पडली. मी जागची हलले नाही. घड्याळही थांबवलं नाही. पायरीवर एकदम शांत झालं. ती उठली, हात स्कर्टला पुसले आणि पुढं निघाली. चौथी फेरी चालत नाही, पळतही नाही, अशी मधल्याच कसल्यातरी चालीनं पूर्ण केली. मी मोठ्यानं सांगितलं, "पाच मिनिटं सहा सेकंद." लिहिणाऱ्या मुलीनं लिहून घेतलं.

ती न सांगता नळाकडं गेली. तास संपेपर्यंत तळहातात रुतलेला मुरूम नखानं काढत होती. मी पुढचा गट सोडला.

घरी आल्यावर तिला जेवायला वाढलं, तेव्हा ती मला हाक मारायचंच टाळत होती. आई नाही, मॅडम नाही. भांडं पुढं करायची, बस. मी हळद लावू का विचारलं. "धुतलंय," म्हणाली.

पुढच्या तासाला ती हजेरीपट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, मी हजेरी लिहू?" मी हो म्हणाले. तिथून दहावीपर्यंत ती हजेरीच लिहीत होती. अक्षर सुरेख. जिल्ह्याच्या सामन्यांना आमची गुणपत्रिका तीच लिहायची, पंचसुद्धा कौतुक करायचे. मी लोकांना सांगायची, तिला खेळातलं बाकी सगळं कळतं, फक्त खेळायची आवड नाही.

आता यावर तुम्ही म्हणाल ते मी आधीच स्वतःला म्हणून घेतलंय. पक्षपात केला नाही, यात काय चुकलं? शिक्षकाची मुलं वर्गात असली की काय होतं ते शिक्षकांनाच माहीत. सूट दिली असती तर वर्षभर माझ्या शिट्टीला किंमत राहिली नसती. हे सगळं खरं आहे. पण दुसऱ्या कुणाच्या मुलीला मी परत पळवलं नसतं, हेही खरं आहे. तिला पळवलं ते वर्गाला दाखवायला.

आणखी एक सांगते, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. २०१०पासून आकारिक मूल्यमापन आलं, प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी आल्या. माझ्याकडे तेव्हा दहा तुकड्या. एवढ्या पोरींच्या नोंदी कुठून सुचणार? बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळायच्या, स्टाफरूममध्ये एक फिरत होती. वर्षाअखेरीस रात्री बसून मी त्या उतरवून काढत होते, एक सोडून एक, म्हणजे शेजारशेजारच्या सारख्या दिसणार नाहीत. तिच्या नावापुढं माझ्या हातानं आलं : 'खेळात आनंदाने सहभागी होते.' उतरवून झाल्यावर नाव वाचलं. खोडलं नाही. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही.

त्या रात्रीनंतर पायरीवर बसणाऱ्या पोरी मी मोजायला लागले. पोटात दुखतंय, बूट नाहीत, पाळी आलीय, श्वास लागतो. रोज बारा ते पंधरा. माझी मुलगी त्यांच्यात बसायची आणि त्यांची हजेरी 'उपस्थित' लिहायची. आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मी बारा जणींचा संघ घेऊन सूर मारायला शिकवत असायची. हनुवटी वर, नजर खांबावर, छातीवर घसरायचं, हात पुढं. संघ आणि राखीव धरून चौदा-पंधरा पोरींना कसं पडायचं ते नीट येत होतं. बाकीच्यांना मी चेंडू देऊन ठेवला होता. माझ्या घरातल्या पोरीला पडायला येत नव्हतं.

म्हणजे तासाच्या तासाला मी संघच बांधत होते. तास वेगळा आणि संघ वेगळा, हे मला उशिरा कळलं. ज्यांना खेळ येतो त्या गल्लीतही खेळणारच आहेत. पी.टी.चा तास असतो तो पायरीवर बसणारीसाठी. आठवड्यात एवढाच वेळ तिला कुणीतरी पळ, उडी मार, दम खा, परत पळ म्हणणार असतं. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं घाम निघेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे आठवड्याला दोन तास, पस्तीस मिनिटांचे. म्हणजे आठवडाभराचं मिळून एका दिवसाचं. त्यातली दहा मिनिटं रांग लावून मैदानावर येण्यात जातात. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आहे, खेळाचं साहित्य आहे, सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर अंशकालीन निदेशक, म्हणजे खेळ वगैरे शिकवणारे अर्धवेळ शिक्षक, आहेत. निदेशक किती शाळांत टिकले ते विचारू नका, निदान कागदावर आहेत. पण गणिताच्या सरांना हे पाठ म्हणून दाखवून तास वाचत नाही.

दर १५ जानेवारीला, राज्य क्रीडा दिनाला, मी कुस्तीगीर खाशाबा जाधवांवर बोलते. त्यांचं गाव गोळेश्वर आमच्यापासून लांब नाही. १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक, त्यांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं, हे सांगताना अजून माझा घसा दाटतो. पोरी टाळ्या वाजवतात. पण अलीकडे बोलताना लक्ष पायरीकडं जातं. त्या गोष्टीत या पोरींनी स्वतःला कुठं बघायचं?

हे लिहितेय तोवर माझ्यातली जुनी मी भांडायला उठते. ती म्हणते, आणि संघानं काय केलं ते नाही सांगणार? ऊसतोड्याच्या घरची पोर राज्य स्पर्धेत पदक घेऊन आली, दहावीला सवलतीचे गुण घेतले, खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून नोकरीला लागली. तिचे वडील पेढे घेऊन आले ते काय खोटं? तुझी मुलगी इंजिनीअर झाली, तिचं काय अडलं? मी तिला गप्प करू शकत नाही. सगळ्यांकडं सारखं लक्ष दिलं असतं तर ती पोर कदाचित तालुक्यालाच थांबली असती. पस्तीस मिनिटांत दोन्ही होत नाही. होतं असं सांगणाऱ्यांना माझा साठचा पट द्या.

आणि मुलीला पळवलं ही चूक धरायची, तर दुसरी एक आहे जिला मी कधी पळवलंच नाही. पायरीवरची कायमची. श्वास लागतो म्हणायची, मी बरं म्हणायची. मुलीच्या प्रकारानंतर मी कुणालाच जोर करत नव्हते, मऊ झाले होते. सहा-सात वर्षांनी ती मैदानावर आली, पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना ८०० मीटर असतं. एक फेरी पळून खांबाला धरून वाकून उभी राहिली. मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला एकदा तरी ऊठ म्हणायचं होतं." कुरकुर नव्हती त्यात, सहज म्हणाली. भरतीत ती निघाली नाही.

मग जोर करायचा की नाही? मला अजून सांगता येत नाही. गेली काही वर्षं मी वेळ मोठ्यानं सांगत नाही. मुलीनं स्वतःची वेळ स्वतःच्या वहीत लिहायची, पुढच्या महिन्यात त्याच वेळेशी बघायचं. पडायला सगळ्यांना शिकवते, गादीवर, सतरंजीवर, काही नसेल तर पावसाळ्यातल्या गवतावर. पायरीवर आता सहा-सात असतात. कधी दहा. मागच्या महिन्यात शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावासाठी मुख्याध्यापकांनी सलग चार तास मागितले. दिले.

हे लिहायच्या आधी मुलीला फोन केला. ती पुण्यात असते, दिवसभर खुर्चीत, तिशीच्या आत कंबर धरते. लिहू का, विचारलं. "कुठलं? दोनदा पळवलंस ते, की हजेरीचं?" म्हणजे तिच्याकडे यादी आहे. मग म्हणाली, "लिही की. पण मला आवड नव्हती असं लिहू नकोस. चौथीपर्यंत गल्लीत लंगडीला मला कोण धरू शकत नव्हतं. तू घरी नसायचीस, संघ घेऊन बाहेरगावी असायचीस." मी म्हटलं, मला कधी बोलली नाहीस. तिनं कंबरेसाठी कुठला व्यायाम करू ते विचारलं. मी सांगितला, तिनं लिहून घेतला.

परवा एका साखरपुड्यात बसले होते. शेजारच्या बाई ओळखीच्या निघाल्या, त्यांची नात आमच्याच शाळेत. मग तो प्रश्न आलाच. माझ्या हातात ताट होतं, समोर वाढपी उभा होता.

"नाही हो," मी म्हणाले, "तिला आवडच नव्हती."