तुम्ही विचारलंत म्हणून: दोनशे डॉलर आणि विस्कॉन्सिनचे हरीण

मंडळाच्या गणपतीत, ऑफिसात जेवताना आणि पुण्याहून येणाऱ्या फोनवर मला एकच प्रश्न थोड्याफार फरकाने विचारला जातो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या रहिवाशाला बंदुकीने हरीण मारण्याचे परमिट २५ डॉलरांत मिळत असताना तुम्ही दरवर्षी शेजारच्या विस्कॉन्सिनला २०० डॉलर का देता, आणि द्यायचेच असतील तर फी वाढली म्हणून कुरकुर कशाला करता? शिकार मुळात करावी का, हा मुद्दा येथे नाही. त्यावर आपले बोलून झाले आहे आणि कोणाचेही मत बदललेले नाही.

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर रूक्ष आहे. मी राहतो त्या ड्युपेज काउंटीत बंदुकीने हरणाची शिकार करता येत नाही; कुक आणि लेक काउंट्यांतही येत नाही. दूरच्या काउंटीचे परमिट काढता येते, पण तेथे माझ्या ओळखीची जमीन नाही. विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्येकडील टेकड्यांत मात्र एक शेत आहे, ज्याच्या जुन्या मालकाने मला स्टँडवर, म्हणजे हरणाची वाट पाहायच्या मचाणावर, वारा पाहून बसायला, गोळी झाडण्याआधी हरणाच्या मागे काय आहे हे बघायला आणि मारलेले हरीण स्वतःच्या हाताने सोलायला शिकवले. दुसऱ्या अर्ध्या प्रश्नासाठी मात्र तुम्हाला थोडा धीर धरावा लागेल.

२०२३ पर्यंत विस्कॉन्सिन परराज्यातल्या शिकाऱ्याकडून बंदुकीच्या परवान्यासाठी १६० डॉलर घेत असे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने ते २०० केले. स्थानिक रहिवाशाचा २४ डॉलरांचा दर २००५ पासून जागचा हललेला नाही. त्या वेळी आमच्या मित्रमंडळीत या वाढीची सर्वांत जोरदार वकिली मीच केली होती. हरीण हे राज्यातल्या लोकांच्या वतीने राज्याने सांभाळलेले धन आहे, पिकांची नासधूस तिथले लोक सोसतात, गाड्यांना धडकलेल्या हरणांचा खर्च ते भरतात, मग पाहुण्याने जास्त द्यावे यात गैर काय, असा माझा युक्तिवाद होता. अजिंठ्याला भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी पर्यटकाला ६०० रुपये तिकीट पडते, तेव्हा आपल्यापैकी कोणी अन्यायाची हाकाटी करतो का, असेही मी ऐकवले होते. शिवाय आमचे इलिनॉय तरी कुठे उदार आहे? धनुष्यबाणाच्या संयुक्त परमिटासाठी ते रहिवाशाकडून २६ डॉलर घेते आणि बाहेरच्याकडून चारशेहून अधिक.

तो मी कायद्याच्या बाजूने अगदी भक्कम उभा होतो, हे आजही मान्य करावे लागते. १९७८ साली बाल्डविन विरुद्ध मोंटाना या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी याच प्रश्नाचा निकाल लावला. मोंटाना राज्यात एल्क हे मोठ्या जातीचे हरीण मारण्याचा परवाना रहिवाशाला ९ डॉलरांत मिळत असे आणि बाहेरच्याला त्यासाठी २२५ डॉलरांचा अनेक प्राण्यांचा संयुक्त परवानाच घ्यावा लागत असे. बहुमताचे म्हणणे असे पडले की ही शिकार म्हणजे करमणूक आहे, चरितार्थ नव्हे, आणि करमणुकीत सर्व राज्यांच्या नागरिकांना समान वागणूक मिळाली नाही म्हणून संघराज्याला तडा जात नाही. कोळंबीच्या व्यापारी बोटींकडून घरच्यांना २५ आणि बाहेरच्यांना २,५०० डॉलर आकारणारा साउथ कॅरोलायनाचा कायदा याच न्यायालयाने १९४८ मध्ये रद्द केला होता, कारण तेथे पोटाचा प्रश्न होता. पुढे २००५ मध्ये अमेरिकेच्या संसदेनेही (काँग्रेसने) कायदा करून असा भेद करण्याचा राज्यांचा अधिकार पक्का केला. तेव्हा कोर्टात जा, असे सुचवणाऱ्यांनी तो सल्ला स्वतःजवळ ठेवावा.

फी वाढली त्या २०२३ च्याच नोव्हेंबरात, नऊ दिवसांचा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी, मी त्या जुन्या मालकासोबत गावातल्या दुकानाच्या परवाना खिडकीपाशी उभा होतो. ते माझ्या सहकाऱ्याचे वडील. तोंडावर मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे नावाने हाक मारतो, मनात मात्र काका म्हणतो. त्याच तालुक्यात जन्मलेले, बाराव्या वर्षापासून त्याच टेकडीवर बसलेले, चाळीसहून अधिक वर्षे त्या जमिनीचा कर भरलेले. पत्नी गेल्यावर आणि गुडघे कामातून गेल्यावर त्या वसंतात त्यांनी शेत शेजाऱ्याला विकले आणि ते मुलाकडे शिकागोच्या उपनगरात राहायला आले. डॉक्टर, विमा, पेन्शन अशा कागदपत्रांसाठी त्यांनी ड्रायव्हिंग लायसन्सही इलिनॉयचे करून घेतले होते. शेत विकताना शेजाऱ्याकडून त्यांनी एवढेच कबूल करून घेतले होते, की जिवंत असेपर्यंत हंगामात त्यांना आणि त्यांच्यासोबत येणाऱ्याला तेथे बसता यावे.

खिडकीतल्या मुलीने ते लायसन्स पाहिले आणि दोनशे डॉलर सांगितले. ती नवीन होती, तिच्या बोलण्यात काहीही खोचक नव्हते. काकांनी एकदा विचारले, हाच का आकडा? तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. मागच्या रांगेतला कोणीतरी माणूस हसून म्हणाला, की इलिनॉयवाल्यांकडून हजार घेतले पाहिजेत, निदान रस्ते तरी मोकळे राहतील. तो काकांना ओळखत नव्हता. काकांनी मागे वळून पाहिले नाही, त्याला काही सुनावलेही नाही. त्यांनी पैशांचे पाकीट खिशात घातले आणि बाजूला सरकून मला जागा करून दिली.

मी म्हणालो, दोन्ही परवान्यांचे मी देतो. ते म्हणाले, "पैसे आहेत माझ्याकडे." एवढेच. मग मी माझा परवाना घेतला, कारण पुढची व्यक्ती ताटकळत होती आणि कारण मला तो हवा होता. तो घ्यायला नको होता, असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आताही वाटत नाही. तरीही, तिथल्या मातीशी काडीमात्र संबंध नसलेला मी पाचशे मैलांच्या परिघात कुठेही जाऊन दोनशे डॉलर सहज टाकू शकतो आणि त्या मातीतला माणूस टाकू शकत असूनही टाकत नाही, हे त्या दिवशी दोन हातांवर घडत होते. शनिवारी पहाटे मी एकटाच स्टँडवर बसलो. परवाना नसताना हरणे हाकायलाही जाता येत नाही, म्हणून काका शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून होते. दुपारी मी एक मादी मारली, तेव्हा ते खुर्ची घेऊन गोठ्यात आले आणि सुरी कुठे उतरवायची ते सांगत राहिले. त्यानंतर त्यांनी परवाना काढलेला नाही. मुलाने दोनदा गुपचूप काढायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा घरात भांडण झाले.

आता तुम्ही म्हणाल, हा स्वाभिमानाचा प्रश्न झाला, फीचा नव्हे. मीही स्वतःला तेच सांगून पाहिले. पण जेव्हा आकडा चोवीसवरून दोनशेवर जातो, तेव्हा तो तुम्ही कोण आहात हेही सांगतो, आणि खरे पाहता त्यासाठीच तो तसा ठेवलेला असतो. राज्याची पैशाची नड खरी आहे. विस्कॉन्सिनमध्ये २००० साली बंदुकीचे सुमारे सात लाख परवाने विकले गेले होते, आता ती संख्या साडेपाच लाखांच्या आसपास आहे, आणि वन्यजीव खाते बऱ्याच अंशी परवान्यांच्या पैशावर चालते. तूट भरून काढायची तर मत देणाऱ्या शिकाऱ्याची फी वाढवावी लागेल किंवा मत न देणाऱ्याची. कोणता आमदार पहिली वाट धरील? मला दोनशे जड जात नाहीत. माझा फोन त्याच्या कितीतरी पट महाग आहे. ज्या आकड्याला लगाम घालणारा मतदारच नाही, तो कुठे थांबणार, हे मला कळत नाही.

त्यात गंमत अशी, की त्या भागात सरकारला हरणे कमी व्हायलाच हवी आहेत. तेथे २००२ साली हरणांना क्षीण करून मारणारा सीडब्ल्यूडी हा असाध्य रोग सापडला आणि तेव्हापासून तो पसरतच गेला आहे. म्हणून परवान्यासोबत माद्यांचे टॅग, म्हणजे एकेक मादी मारण्याच्या परवानगीच्या चिठ्ठ्या, मिळतात आणि जादा टॅग मला अवघ्या २० डॉलरांत मिळतो, रहिवाशाला १२ डॉलरांत. म्हणजे अधिक हरणे मारा म्हणून टॅग स्वस्त, आणि मारायला येणाऱ्याचा उंबरठा मात्र महाग.

मी माझ्यापुरते एक सूत्र काढले आहे: बाहेरच्याची फी जेव्हा वाढेल तेव्हा रहिवाशाचीही एखाद्या डॉलरने वाढलीच पाहिजे, म्हणजे मतदाराला निदान चिमटा बसेल. माझा जुना अवतार यावर लगेच विचारतो, की रहिवासी राज्याचे इतर कर भरतात त्यांचे काय. मी त्याला १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याची आठवण करून देतो. मी इलिनॉयमध्ये घेतलेल्या काडतुसांवरही ११ टक्के केंद्रीय कर बसतो, आणि तो पैसा राज्यांना वाटताना अर्धा हिशेब परवानाधारकांच्या संख्येवर होतो, म्हणजे विस्कॉन्सिनच्या वाट्यात माझीही गणती आहे. तो म्हणतो, ती पदरात टाकण्याइतकी रक्कम तरी आहे का? नाही, फारशी नाही.

आणि या सूत्राने काकांचे काहीच होत नाही. डॉलर दोन्हीकडे वाढवा अथवा वाढवू नका, ते चोवीसच्या रांगेत परत येत नाहीत. मोंटाना आपल्या काही माजी रहिवाशांना सवलतीत परवाने देते, तसे विस्कॉन्सिननेही द्यावे असे मी काकांच्या मुलाला म्हणालो, तेव्हा त्याने विचारले, की मग जन्माने बाहेरचे असलेल्यांचे दर त्यासाठी आणखी वाढले तर तुम्हाला चालेल का. मी हो म्हणालो. पण बिल हातात पडल्यावरही मी हो म्हणेन का, हे मला विचारू नका.